डोमेन उभारण्याआधी काय ठरवावे? वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

या महिन्यात कोल्हापूर आणि आसपासच्या वाचकांकडून आलेली बरीचशी पत्रे एकाच अडचणीची आहेत. ऑफिसात संगणक वाढले, माणसे वाढली, आणि प्रत्येक मशीनवर वेगळा युजर, वेगळा पासवर्ड सांभाळणे हाताबाहेर गेले. यावरचा उपाय म्हणजे डिरेक्टरी: संस्थेतली माणसे, संगणक, प्रिंटर आणि कुणाला कशाला हात लावता येईल याची एकच मध्यवर्ती नोंदवही. ही नोंदवही मानणारी माणसे आणि संगणक मिळून डोमेन होते, आणि ती सांभाळणाऱ्या सर्व्हरला डोमेन कंट्रोलर किंवा नुसते डीसी म्हणतात. मायक्रोसॉफ्टची ॲक्टिव्ह डिरेक्टरी विंडोज २००० सर्व्हरपासून चालत आली आहे आणि आपल्याकडे बहुतेक ठिकाणी तीच भेटते, म्हणून उत्तरे तिला धरून दिली आहेत.

प्रश्न: गोकुळ शिरगावला आमची फाउंड्री आणि मशीन शॉप आहे. कारखान्यात ७० आणि शाहूपुरीच्या ऑफिसात १५ संगणक आहेत, सगळे वर्कग्रुपमध्ये (म्हणजे प्रत्येकाचे युजर वेगळे). एक मोठा सर्व्हर घ्या, त्यावरच डोमेन, टॅली आणि फायली ठेवा, असे आमचा हार्डवेअरवाला सांगतो. हे बरोबर आहे का?

८५ संगणकांना डोमेन हवेच, याबद्दल शंका नाही. एकच मोठा सर्व्हर मात्र घेऊ नका. त्याच पैशांत दोन मध्यम सर्व्हर घ्या.

डीसीचे काम महत्त्वाचे असते, पण जड नसते. दोनशे-तीनशे माणसांपर्यंत डीसीच्या व्हर्च्युअल मशीनला (खऱ्या यंत्रात चालणाऱ्या आभासी संगणकाला) २ कोअर, ८ जीबी रॅम आणि १०० जीबी डिस्क आरामात पुरते. तो बंद पडला की मात्र सगळे अडते. फाइल सर्व्हर कुणाला ओळखत नाही, नव्याने लॉगिन होत नाही, आणि डीएनएस, म्हणजे नावावरून संगणकाचा पत्ता सांगणारी सेवा, हीसुद्धा त्याच्यावरच असल्यामुळे ‘इंटरनेट गेले’ अशी ओरड सुरू होते. म्हणून पहिल्या दिवसापासून दोन डीसी असावेत, आणि तेही वेगवेगळ्या यंत्रांवर. एकाच यंत्रावर दोन डीसी ठेवले तर पॉवर सप्लाय जळाल्यावर दोन्ही एकदमच जातील.

लायसन्सचे गणित असे बसते. विंडोज सर्व्हर स्टँडर्डचे लायसन्स किमान १६ कोअरचे घ्यावे लागते, आणि यंत्रातले सगळे कोअर त्यात आले की त्या यंत्रावर दोन व्हर्च्युअल मशीन चालवता येतात. तेव्हा पहिल्या यंत्रावर डीसी-१ आणि टॅली-फायलींचा सर्व्हर ठेवा, दुसऱ्यावर डीसी-२ आणि एक जागा राखीव. शिवाय क्लायंट ॲक्सेस लायसन्स लागते, ते माणसामागे किंवा संगणकामागे घेता येते. फाउंड्रीत तीन पाळ्यांतली तीन माणसे एकाच संगणकावर बसत असतील तर तिथे संगणकामागचे घ्या, खर्च तिसऱ्या हिश्श्यावर येतो. जो माणूस लॅपटॉपही वापरतो आणि टेबलावरचा संगणकही, त्याला माणसामागचे परवडते.

टॅली डीसीवर का ठेवायची नाही, हे नीट समजून घ्या. डीसीवर स्थानिक युजर नावाची गोष्टच उरत नाही. टॅलीच्या दुरुस्तीला आलेल्या माणसाला त्या यंत्रावर ॲडमिन करायचे म्हणजे सगळ्या कारखान्याच्या किल्ल्या त्याच्या हाती द्यायच्या. आणि टॅलीसाठी सर्व्हर रीस्टार्ट करायचा म्हणजे सगळ्यांचे लॉगिन थांबवायचे.

खरेदीच्या आधी प्रत्येक संगणकावर विंडोजची कोणती आवृत्ती आहे याची यादी करा. होम आवृत्ती डोमेनला जोडताच येत नाही, प्रो लागते. स्वस्तात घेतलेल्या लॅपटॉपवर हमखास होम असते, आणि हा खर्च कोटेशनमध्ये कुणी दाखवत नाही.

जोडणी करताना एकदम ८५ संगणकांना हात घालू नका. पहिल्या आठवड्यात दिवसाला पाच पुरे. डोमेनला जोडल्यावर माणूस नव्या नावाने लॉगिन करतो तेव्हा विंडोज त्याला कोरे प्रोफाइल देते. डेस्कटॉप रिकामा दिसतो आणि ‘माझ्या फायली गेल्या’ म्हणून धांदल उडते. त्या गेलेल्या नसतात, सी ड्राइव्हच्या युजर्स फोल्डरमध्ये जुन्या नावाखाली असतात. म्हणून आधी डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्सची प्रत घ्या, आउटलुकची पीएसटी फाइल कुठे आहे ते लिहून ठेवा, नेटवर्क ड्राइव्हची अक्षरे टिपा. आणि जोडण्याआधी त्या संगणकाचा स्थानिक ॲडमिन पासवर्ड चालतो का ते पाहा. डोमेनशी संबंध तुटला तर आत शिरायला तेवढा एकच दरवाजा असतो.

कोणताही साधा युजर दहा संगणक डोमेनला जोडू शकतो, हे मूळ सेटिंग आहे. अकरावा नाकारला गेला की इंजिनिअर गोंधळतो. ती मर्यादा शून्य करा आणि जोडणीसाठी वेगळे, मोजक्या अधिकाराचे खाते ठेवा.

प्रश्न: डोमेनचे नाव कंपनीच्या नावापुढे ‘डॉट लोकल’ लावून ठेवायचे ठरत आहे. चालेल का? — उद्यमनगर

ठेवू नका. ‘.लोकल’ ही शेपटी २०१३ पासून मल्टिकास्ट डीएनएससाठी अधिकृतपणे राखीव आहे. ॲपलची यंत्रे आणि बरेच लिनक्स संगणक ते नाव डीसीला न विचारता आसपासच्या यंत्रांना विचारत बसतात. शिवाय अशा नावाला बाहेरच्या संस्थेकडून एसएसएल प्रमाणपत्र मिळत नाही.

वेबसाइटचेच नाव जसेच्या तसे वापरणेही त्रासाचे आहे. समजा साइट ‘कंपनी.को.इन’ आहे आणि डोमेनही तेच. मग ऑफिसातून ते नाव टाइप केले की उत्तर डीसीचा पत्ता येतो आणि स्वतःचीच साइट उघडत नाही. बाहेर नवी नोंद केली की आतही हाताने करायची, हा व्याप कायमचा मागे लागतो.

सरळ मार्ग म्हणजे तुमच्या मालकीच्या नावाचा पोटभाग घ्यायचा: ‘एडी.कंपनी.को.इन’. त्याआधी ते मूळ नाव खरोखर कंपनीच्या नावावर नोंदलेले आहे ना, ते पाहा. ते वेबसाइट करणाऱ्याच्या खात्यावर पडून असते आणि कंपनीला पत्ताच नसतो, असे पुष्कळदा आढळते.

याबरोबर एक आखूड नेटबायोस नावही ठरवावे लागते. ते १५ अक्षरांत बसले पाहिजे आणि त्यात अंडरस्कोअर नसावा. भागीदारी मोडते, कंपनीचे नाव बदलते, म्हणून ते जितके तटस्थ तितके बरे. डोमेनचे नाव नंतर बदलण्याचे साधन आहे, पण ते इतके जोखमीचे आहे की बदलायचेच नाही असे समजून नाव निवडा. एक्सचेंज मेल सर्व्हर त्याच डोमेनमध्ये असेल तर तो मार्गही बंद होतो.

ज्यांच्याकडे ‘.लोकल’ आधीच चालू आहे त्यांनी घाबरून नवे डोमेन उभारू नये. ‘डोमेन्स अँड ट्रस्ट्स’मध्ये जाऊन कंपनीच्या खऱ्या नावाची यूपीएन शेपटी जोडा. मग माणसांना आपल्या ईमेल पत्त्यानेच लॉगिन करता येते, आणि पुढे मायक्रोसॉफ्ट ३६५ शी जोडायचे झाले तर निम्मे काम झालेले असते.

प्रश्न: आमच्या पतसंस्थेचे मुख्य कार्यालय राजारामपुरीत आहे आणि जिल्ह्यात ११ शाखा आहेत. शाखेत सहा ते आठ संगणक. प्रत्येक शाखेला स्वतंत्र डोमेन द्यावे का? निदान प्रत्येक शाखेत एक डीसी?

दोन्ही नको. एक फॉरेस्ट (एकमेकांवर विश्वास ठेवणाऱ्या डोमेनांचा समूह), त्यात एक डोमेन, बास. शाखा वेगळी आहे म्हणून डोमेन वेगळे, हा विचार विंडोज एनटीच्या काळातला आहे. तेव्हा एका डोमेनच्या मर्यादा खऱ्या होत्या, आता तुमच्या दीडशे माणसांचा त्या नोंदवहीला भारही वाटणार नाही. प्रत्येक जादा डोमेन म्हणजे आणखी दोन डीसी, आणखी बॅकअप, आणखी ॲडमिनचे गट. सुरक्षिततेसाठीही त्याचा उपयोग नाही, कारण सुरक्षेची खरी सीमा फॉरेस्ट असते, डोमेन नव्हे. शाखाधिकाऱ्याला आपल्या माणसांचे पासवर्ड बदलता यावेत एवढेच हवे असेल, तर शाखेचे ओयू (डिरेक्टरीतला वेगळा कप्पा) करून तेवढाच अधिकार त्याला देता येतो.

दोन डीसी मुख्य कार्यालयात वेगळ्या यंत्रांवर ठेवा आणि तिसरा गडहिंग्लज-आजऱ्याकडच्या एखाद्या मोठ्या शाखेत, जिथे कुलपाची खोली आणि चांगला यूपीएस आहे. बाकीच्या शाखा व्हीपीएनवरून लॉगिन करतील. लाइन गेली तरी त्या संगणकावर आधी लॉगिन केलेली माणसे आत शिरू शकतात, कारण विंडोज शेवटच्या दहा जणांची ओळख जवळ ठेवते. नवा माणूस मात्र त्या दिवशी अडेल. हे शाखेला आधीच सांगून ठेवा.

कोपऱ्यातल्या टेबलाखाली सर्व्हर ठेवणाऱ्या शाखेत पूर्ण डीसी कधीच नको. तो उचलून नेला तर सगळ्या संस्थेच्या पासवर्डचे हॅश (त्यांची सांकेतिक रूपे) सोबत जातात. अगदीच गरज पडली तर फक्त वाचता येणारा डीसी ठेवावा. विंडोज सर्व्हर २००८ पासून तो मिळतो. त्याच्यावर कुणाकुणाचे पासवर्ड साठवायचे ते ठरवता येते, आणि चोरी झाली तर तेवढ्याच माणसांचे बदलावे लागतात.

सर्वांत जास्त चुका साइट, म्हणजे डिरेक्टरीतले एक ठिकाण, आणि सबनेट, म्हणजे त्या ठिकाणच्या नेटवर्क पत्त्यांचा गट, यांच्या नोंदीत होतात. प्रत्येक शाखेला वेगळा सबनेट द्या: मुख्य कार्यालय १०.१०.०.०/२४, पहिली शाखा १०.१०.१.०/२४, या क्रमाने. मग ‘साइट्स अँड सर्व्हिसेस’मध्ये जिथे डीसी आहे तिथली साइट तयार करा आणि प्रत्येक सबनेट जवळच्या साइटला जोडा. हे केले नाही तर राजारामपुरीतला संगणक गडहिंग्लजच्या डीसीकडे जाऊन लॉगिन करू शकतो, आणि सकाळी दहा वाजता सगळे म्हणतात की सर्व्हर स्लो आहे. कोणता सबनेट नोंदायचा राहिला ते डीसीवरच्या ‘नेटलॉगन.लॉग’ फाइलमध्ये ‘नो क्लायंट साइट’ या शब्दांनी लिहिलेले सापडते.

दोन साइटच्या डीसींमधली नोंदींची देवाणघेवाण मुळात दर १८० मिनिटांनी होते. म्हणजे मुख्य कार्यालयात काढून टाकलेला कर्मचारी गडहिंग्लजच्या डीसीला तीन तास चालू दिसू शकतो. पतसंस्थेत हे परवडणारे नाही. तो काळ १५ मिनिटांवर आणा, यापेक्षा कमी तिथे करता येत नाही. बदललेला पासवर्ड मात्र लगेच पीडीसी एम्युलेटर नावाच्या डीसीला कळवला जातो, आणि दुसऱ्या डीसीला पासवर्ड चुकीचा वाटला तर तो नकार देण्याआधी त्याला विचारतो.

फायरवॉलवाल्याला ही यादी द्या: डीएनएससाठी ५३, ओळख पटवणाऱ्या करबरॉससाठी ८८ आणि पासवर्ड बदलण्यासाठी ४६४, वेळेसाठी यूडीपी १२३, एलडॅप ३८९ आणि ६३६, ग्लोबल कॅटलॉग ३२६८ आणि ३२६९, फायलींसाठी ४४५, आरपीसीसाठी १३५, आणि शिवाय ४९१५२ ते ६५५३५. ही शेवटची रांग तो हमखास विसरतो. मग लॉगिन चालते पण देवाणघेवाण अडते, आणि दोष कुठे आहे ते शोधण्यात आठवडा जातो. हे पोर्ट फक्त व्हीपीएनच्या आत उघडायचे, इंटरनेटवर एकही नाही.

प्रश्न: इचलकरंजीतल्या आमच्या प्रोसेसिंग युनिटमध्ये डोमेन आहे. काही संगणकांना सकाळी लॉगिन व्हायला पाच-सात मिनिटे लागतात, कधी नेटवर्क ड्राइव्ह दिसत नाही. रीस्टार्ट केले की कधी चालते, कधी नाही. रॅम वाढवावी का?

रॅमवर पैसे घालण्याआधी त्या संगणकाच्या नेटवर्क कार्डाचे डीएनएस पाहा. पहिला डीएनएस डीसीचा आणि दुसरा ८.८.८.८ किंवा राउटरचा असणार, असा आमचा दाट अंदाज आहे. डोमेनच्या तक्रारींत हा दोष इतका आढळतो की पहिला हात तिथेच घालावा.

संगणकाला डीसी सापडतो तो डीएनएसमधल्या एसआरव्ही नोंदींमुळे, म्हणजे कोणती सेवा कोणत्या सर्व्हरवर आहे ते सांगणाऱ्या नोंदींमुळे. त्या नोंदी फक्त तुमच्या डीसीवर असतात, बाहेरच्या डीएनएसला त्यांची माहिती असणे शक्यच नाही. दुसरा डीएनएस म्हणजे ‘पहिल्याकडे सापडले नाही तर इथे बघ’, असा समज आहे आणि तो चुकीचा आहे. पहिल्याने ‘असे नाव नाही’ म्हटले की विंडोज तिथेच थांबते. दुसऱ्याकडे ते फक्त पहिल्याने वेळेत उत्तरच दिले नाही तर जाते, आणि एकदा गेले की काही काळ तिथेच राहते. सकाळी सगळे एकदम चालू होतात, स्विच अजून जागा होत असतो, डीसीचे उत्तर क्षणभर उशिरा येते. तेवढ्यात काही संगणक ८.८.८.८ कडे वळतात आणि तिथे तुमच्या डोमेनची चौकशी करत बसतात. म्हणूनच हा दोष कधी दिसतो, कधी नाही.

उपाय असा करा. संगणकांना आपोआप पत्ते देणाऱ्या डीएचसीपीच्या ००६ क्रमांकाच्या पर्यायात फक्त दोन्ही डीसींचे पत्ते द्या आणि ०१५ मध्ये डोमेनचे नाव. हाताने पत्ते घातलेले संगणक शोधून तेही बदला. प्रिंटरशेजारचा आणि गेटवरचा संगणक यात नेहमी सुटतो. बाहेरचे डीएनएस फक्त डीसीच्या डीएनएस सर्व्हरमध्ये फॉरवर्डर म्हणून लिहायचे. डीसी-१ च्या कार्डावर पहिला पत्ता डीसी-२ चा आणि दुसरा १२७.०.०.१ (म्हणजे स्वतःचा), डीसी-२ वर पहिला डीसी-१ चा आणि दुसरा तोच १२७.०.०.१. डीसीला दोन नेटवर्क कार्डे चालू ठेवू नका. तो दोन्ही पत्ते डीएनएसमध्ये नोंदवतो आणि निम्म्या संगणकांना न पोचणारा पत्ता मिळतो.

मग संगणकावर ‘एनएलटेस्ट’ चालवून कोणता डीसी सापडतो ते पाहा, आणि डीसीवर ‘डीसीडायग’ व ‘रेपॲडमिन’ चालवा. तरीही लॉगिन रेंगाळत असेल तर स्विचवरचे स्पॅनिंग ट्री तपासा. पोर्ट चालू व्हायला तो अर्धा मिनिट घेत असेल, तर संगणकाच्या बाजूच्या पोर्टांवर पोर्टफास्ट चालू करा. स्विचला स्विच जोडलेल्या पोर्टवर मात्र नको.

प्रश्न: साखर कारखान्यातल्या संगणक विभागात आम्ही दोघे आहोत. नवे डोमेन करतो आहोत. ओयूची रचना खातेनिहाय करावी का? आणि आमच्याकडे पाटील आडनावाची साठ-सत्तर माणसे आहेत, शिवाय हंगामी कामगार. लॉगिनची नावे कशी द्यावी?

ओयू खातेनिहाय करण्याचा मोह होतो, कारण शेती, इंजिनिअरिंग, उत्पादन, अकौंट्स, टाइम ऑफिस हा तक्ता भिंतीवर तयारच असतो. पण ओयू दोनच कारणांनी पाडावा: तिथल्या खात्यांचा कारभार वेगळ्या माणसाकडे द्यायचा असेल, किंवा तिथे वेगळी पॉलिसी, म्हणजे आपोआप लागू होणारे नियम, लावायची असेल. शेती खात्यातला क्लार्क अकौंट्समध्ये बदलून गेला म्हणून त्याची पॉलिसी बदलत नाही. बदलतात ते फोल्डरचे हक्क, आणि ते ग्रुपने सांभाळायचे असतात.

तुमच्यासाठी वरच्या पातळीवर पाच ओयू पुरतील: कायम कर्मचारी, हंगामी कर्मचारी, संगणक, सर्व्हर, ॲडमिन खाती. संगणकांच्या आत ऑफिस, वजनकाटा आणि गट कार्यालये असे तीन पाडा, कारण वजनकाट्यावर यूएसबी बंद हवे आणि गट कार्यालयात वेगळा प्रिंटर. नवे जोडलेले संगणक आपोआप ‘कॉम्प्युटर्स’ नावाच्या डब्यात पडतात. त्या डब्याला पॉलिसी जोडताच येत नाही. ‘रेडिरसीएमपी’ या आज्ञेने ती मूळ जागा आपल्या ओयूकडे वळवा, आणि युजरसाठी ‘रेडिरयूएसआर’ने.

ग्रुप दोन थरांत करा. एक थर माणसांच्या कामाचा: ‘अकौंट्स-क्लार्क’, ‘ऊसविकास-अधिकारी’. दुसरा फोल्डरच्या हक्काचा: ‘ऊसबिल-वाचणे’, ‘ऊसबिल-लिहिणे’. फोल्डरवर फक्त दुसऱ्या थरातले ग्रुप लावा, आणि त्यांच्यात पहिल्या थरातले ग्रुप सदस्य करा. फोल्डरवर थेट माणसाचे नाव कधीही लावू नका. तो निवृत्त झाल्यावर तिथे नावाऐवजी एस-१-५ ने सुरू होणारा आकडा उरतो आणि तो कुणाचा होता हे कुणालाच सांगता येत नाही.

आता पाटलांचा प्रश्न, आणि कोल्हापूर जिल्ह्यात तो सगळ्यांचाच आहे. नाव-आडनाव जोडून लॉगिन केले की तिसऱ्याच संजय पाटलांपाशी गाडी अडते, मग पाटील१, पाटील२ सुरू होते आणि एकाचा पासवर्ड दुसऱ्याला बदलून दिला जातो. लॉगिनसाठी टोकन नंबर वापरा. तो बदलत नाही, दोघांचा सारखा नसतो आणि कामगाराला पाठ असतो. कायम माणसांना ‘के’ आणि हंगामी माणसांना ‘एच’ हे अक्षर पुढे लावा. जुन्या पद्धतीच्या लॉगिन नावाची मर्यादा २० अक्षरांची आहे, यात ती आडवी येत नाही. एकाच ओयूमध्ये सारख्या पूर्ण नावाची दोन खाती डिरेक्टरी करू देत नाही, म्हणून पूर्ण नावातही टोकन घाला: ‘पाटील संजय २४१७’. दिसणारे नाव देवनागरीत ठेवले तरी चालते. लॉगिन मात्र इंग्रजी अक्षरांतच ठेवा, कारण रात्रपाळीला कीबोर्ड कोणत्या भाषेत अडकला आहे ते पासवर्डच्या चौकटीत कळत नाही.

हंगामी माणसांच्या खात्याला तयार करतानाच संपण्याची तारीख घाला. हंगाम लांबला तर तारीख पुढे नेता येते. हंगाम संपला म्हणून खाते डिलीट करू नका, बंद करा. पुढच्या वर्षी त्याच नावाचे नवे खाते काढले तरी डिरेक्टरीच्या दृष्टीने तो वेगळा माणूस असतो, कारण आतला ओळखक्रमांक नवा पडतो आणि जुने हक्क मिळत नाहीत. वजनकाट्यावर तिन्ही पाळ्यांना एकच लॉगिन देण्याची पद्धत बंद करा. वजनाचा वाद झाला तर त्या वेळी कोण बसले होते हे नोंदीवरून सांगता आले पाहिजे. शेतकऱ्याच्या उसाचा पैसा त्या आकड्यावर ठरतो.

डिरेक्टरीचा रीसायकल बिन पहिल्याच दिवशी चालू करा. मूळ रचनेत तो बंद असतो. चालू केल्यावर चुकून उडवलेले खाते ग्रुपसकट परत येते, मुळात १८० दिवसांपर्यंत. एकदा चालू केला की बंद करता येत नाही, आणि करावा लागतही नाही.

तुम्ही दोघे आहात तेव्हा दोघांचीही दोन-दोन खाती हवीत: रोजच्या कामाचे साधे आणि ॲडमिनचे वेगळे. डोमेन ॲडमिनच्या खात्याने वजनकाट्यावरच्या संगणकात लॉगिन करू नका. त्या संगणकात व्हायरस असेल तर तुमची ओळख तिथूनच चोरली जाते. अशा संगणकांसाठी विंडोज लॅप्स वापरा, एप्रिल २०२३ च्या अपडेटपासून ते विंडोजमध्येच आले आहे. प्रत्येक संगणकाचा स्थानिक ॲडमिन पासवर्ड ते वेगळा ठेवते आणि ठरल्या दिवसांनी बदलते. हा सगळा बदल गाळप बंद असताना करा. गाळप सुरू झाल्यावर डोमेनला हात लावायचा नाही.

प्रश्न: लक्ष्मीपुरीत आमची व्यापारी पेढी आहे. पुराच्या वेळी सर्व्हर खोलीत पाणी आले. एका सर्व्हिसवाल्याने सात महिन्यांपूर्वीच्या इमेजवरून डीसी परत उभा केला. तेव्हापासून कागलच्या गोदामातला दुसरा डीसी आणि हा, दोघांत वेगवेगळे युजर दिसतात. काय करावे?

इमेजवरून उभा केलेला डीसी आजच नेटवर्कमधून काढा. तो परत जोडू नका.

प्रत्येक डीसी आपल्या बदलांना चढते क्रमांक देतो आणि दुसरा डीसी ‘अमुक क्रमांकापर्यंतचे मला मिळाले’ अशी नोंद ठेवतो. जुन्या इमेजवरचा डीसी मागच्या क्रमांकावरून पुन्हा मोजायला लागतो. दुसऱ्याला वाटते हे बदल आपल्याकडे आधीच आहेत, आणि तो ते घेत नाही. विंडोजने हे ओळखले तर डिरेक्टरीच्या लॉगमध्ये २०९५ क्रमांकाची नोंद येते. तुमची इमेज तर सात महिन्यांची आहे. डिलीट झालेल्या वस्तूची खूण डोमेनमध्ये मुळात १८० दिवस राहते. त्यापेक्षा जुना डीसी परत आणला की काढून टाकलेली माणसे पुन्हा जिवंत होऊन बसतात.

कागलचा डीसी धड आहे, हे तुमचे नशीब समजा. पाचही मास्टर भूमिका (प्रत्येकी एकाच डीसीने करायची खास कामे) कुणाकडे आहेत ते ‘नेटडॉम क्वेरी एफएसएमओ’ने पाहा. त्या जुन्याकडे असतील तर कागलच्या डीसीवर जबरदस्तीने खेचून घ्या. खेचल्यानंतर जुना डीसी पुन्हा कधीच चालू करायचा नाही. डिरेक्टरीतून आणि डीएनएसमधून त्याच्या नोंदी पुसा, नवे विंडोज टाका, नव्या नावाने ताजा डीसी करा. नोंदवही कागलहून आपोआप भरते. एक डीसी जिवंत असेल तर मेलेल्याला बॅकअपवरून उठवण्यापेक्षा नवा करणे नेहमीच सोपे पडते.

बॅकअप लागतो तो दोन्ही गेले तर. तो सिस्टम स्टेटचा (डिरेक्टरीसकट विंडोजच्या गाभ्याचा) हवा, रोज, आणि त्याची एक प्रत इमारतीबाहेर. विंडोज सर्व्हर २०१२ पासून व्हर्च्युअल डीसीला मागे नेले तर तो स्वतःला सावरतो, पण स्नॅपशॉट म्हणजे बॅकअप नव्हे. परत आणताना डिरेक्टरी रीस्टोअर मोडचा पासवर्ड लागतो. डीसी करताना तो एकदाच विचारला जातो आणि नंतर कुणाच्याच लक्षात नसतो. आज बदलून घ्या, पाकिटात घालून तिजोरीत ठेवा.

आणि पावसाळ्यासाठी एक रीत घालून घ्या. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३ फूट. पाणी ३९ फुटांवर गेले की पाचही भूमिका कागलच्या डीसीकडे रीतसर सोपवा. दोन्ही डीसी चालू असताना हे काम पाच मिनिटांचे आहे. ‘रेपॲडमिन’वर देवाणघेवाण पूर्ण झाल्याचे पाहा, लक्ष्मीपुरीचा डीसी व्यवस्थित बंद करा आणि यंत्र वरच्या मजल्यावर न्या. पाणी ओसरल्यावर तोच चालू करता येतो, काही खेचाखेची लागत नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पुणे-बंगळूर महामार्ग शिरोलीजवळ कित्येक दिवस बंद होता, म्हणजे पुण्याहून सुटा भाग मागवू ही आशाही तेव्हा नव्हती.

प्रश्न: विंडोज सर्व्हरऐवजी फुकटचे सांबा वापरले तर चालेल का? — शाळेचा संगणक विभाग, कागल

चालेल. डिसेंबर २०१२ मध्ये आलेल्या सांबा ४.० पासून ते ॲक्टिव्ह डिरेक्टरीच्या डीसीचे काम करते, विंडोजचे संगणक त्याला जोडता येतात आणि ग्रुप पॉलिसीही लागते. युजर सांभाळायची खिडकी विंडोजचीच वापरता येते. एक गोष्ट ध्यानात ठेवा: पॉलिसीच्या फायलींचे सिसव्हॉल फोल्डर दोन सांबा डीसींमध्ये आपोआप सारखे होत नाही, त्यासाठी आरसिंक हे फायलींची प्रत करणारे साधन लावावे लागते. पॉलिसी नेहमी एकाच डीसीवर बदला आणि तिथून दुसरीकडे पाठवा. लिनक्स जाणणारा माणूस शाळेत किंवा फोनच्या अंतरावर असेल तरच हा मार्ग घ्या.

प्रश्न: एका संगणकावर पासवर्ड बरोबर असूनही लॉगिन होत नाही, शेजारच्यावर त्याच नावाने होते. — शिरोली एमआयडीसी

उजव्या कोपऱ्यातली तारीख पाहा. करबरॉसला डीसी आणि संगणक यांच्या घड्याळांत पाच मिनिटांपर्यंतचाच फरक चालतो. जुन्या संगणकाची बायोस बॅटरी संपली की रात्री वीज गेल्यावर तो कित्येक वर्षे मागे जातो. सीआर२०३२ हे बटणासारखे सेल बदला, तारीख आणि वेळ बरोबर लावा.

सगळ्यांचीच वेळ एकदम सरकत असेल तर दोष पीडीसी एम्युलेटरचा. सारे डोमेन त्याच्याकडून वेळ घेते आणि त्याने बाहेरून घ्यायची असते. केंद्र सरकारच्या सर्ट-इन या संगणक-सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार एनआयसी किंवा राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेच्या वेळेशी जुळवून घ्या. एनआयसीचे सर्व्हर ‘समय१’ आणि ‘समय२’ या नावांचे आहेत. डीसी व्हर्च्युअल असेल तर त्याला यजमान यंत्राकडून मिळणारी वेळ बंद करा. यजमान स्वतः डोमेनमध्ये असेल तर तो डीसीकडून वेळ घेतो आणि डीसी त्याच्याकडून, आणि दोघेही मिळून रोज थोडे थोडे सरकत जातात.